मधूनच खरखरणारा ॲम्प्लिफायर



एकदांचा पार मुका झालेला ॲम्प्लिफायर हा कारागिराच्या दृष्टीनें सज्जनच म्हटला पाहिजे. कोठें तरी वीज अडली आहे. ती कोठवर पोंचते हें मीटर लावून पाहत गेलें कीं, तास-दोन तासांत दोष हातीं लागतो. खरा छळवादी तो, जो दिवसांतून पांच मिनिटें खरखरतो आणि उरलेला वेळ साळसूदपणें गातो. दुकानांत नेला कीं त्याची प्रकृति ठणठणीत. घरीं आणून जोडला कीं पुन्हां तेंच. वैद्याच्या पायरीवर पाय ठेवतांच ज्याचा ताप उतरतो, अशा रोग्यासारखी त्याची गत असते. गिटारला जोडावयाच्या व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरांत हा विकार पुष्कळ आढळतो, आणि भाईंदर-उत्तनसारख्या खाडीच्या व समुद्राच्या कांठच्या वस्तींत तर अधिकच. त्याचा माग कसा काढावा याविषयीं आज बोलणार आहें.

व्हॉल्व्ह हें नांव ऐकून तरुण श्रोत्यांना नवल वाटेल. निर्वात केलेल्या कांचेच्या नळींत तापलेल्या तारेपासून निघणाऱ्या विद्युत्कणांचा उपयोग फ्लेमिंग यांनीं १९०४ सालीं केला; डी फॉरेस्ट यांनीं १९०६ सालीं तींत जाळी घातली आणि दुबळ्या विद्युल्लहरीला बळ देण्याची युक्ति माणसाच्या हातीं आली. २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईचें नभोवाणी केंद्र सुरू झालें, तें याच नळ्यांच्या जोरावर. १९४७ च्या डिसेंबरांत अमेरिकेंत ट्रान्झिस्टर जन्मास आला. तरी आपल्याकडे बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यानें रेडिओचे व्हॉल्व्ह करावयास आरंभ केला तो १९६१ मध्यें. पुढें घरोघरचे व्हॉल्व्हचे रेडिओ माळ्यावर गेले. गिटार वाजविणाऱ्यांनीं मात्र व्हॉल्व्ह सोडला नाहीं. आवाज वाढवीत नेला असतां ट्रान्झिस्टरचा सूर एकदम फाटतो; व्हॉल्व्हचा सूर हळूहळू जाड होत, किंचित् घोगरा होत जातो, आणि तो घोगरेपणाच त्यांना हवा असतो. आज हे व्हॉल्व्ह मुख्यत्वें स्लोव्हाकिया, रशिया व चीन या देशांत होतात. २०२२ सालीं रशियाच्या निर्यातबंदीमुळें त्यांचा कांहीं काळ तुटवडा पडला, आणि चांगले व्हॉल्व्ह उगीच बदलून फेकणें किती महागांत पडतें हें पुष्कळांच्या ध्यानांत आलें.

आतां स्थळाचा विचार. भाईंदरची मिठागरें जुनीं आहेत. १९८५ सालीं येथें नगरपालिका झाली, २००२ सालीं महानगरपालिका झाली, मजल्यावर मजले चढले. परंतु एका बाजूस वसईची खाडी व दुसऱ्या बाजूस उत्तनचा समुद्र हे जेथल्या तेथेंच आहेत, आणि वाऱ्यांतील खार कांहीं कमी झालेला नाहीं. पावसाळ्यांत स्वयंपाकघरांतील मिठाची बरणी ओली होते, हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. हवेंतील सापेक्ष आर्द्रता सुमारें ७५ टक्क्यांच्या वर गेली कीं शुद्ध मीठदेखील हवेंतलें पाणी ओढून विरघळूं लागतें. आणि समुद्राच्या खारांत जीं मॅग्नेशियमचीं लवणें असतात, तीं तर याहून पुष्कळ कोरड्या हवेंतहि ओलीं होतात. ॲम्प्लिफायरच्या आंत बसलेला धुळीचा पातळ थर अशा खारानें भिजला कीं, जेथून वीज जाऊं नये तेथून ती झिरपूं लागते, आणि जेथून सुखानें जावी त्या पिनांवर व सॉकेटांवर गंज चढून ती अडखळते. झिरपणें आणि अडखळणें, या दोन क्रियांतच आपल्या खरखरीचा बहुतेक इतिहास सांठलेला आहे.

हा अडखळ इतका मोठ्यानें कां ऐकूं येतो? गिटारच्या तारांखालच्या चुंबकांतून येणारी लहर साधारणतः दशांश व्होल्टच्या आसपास असते. पहिला लहान व्हॉल्व्ह, बाजारांत ज्याला ईसीसी-८३ किंवा बारा-एएक्स-सात म्हणतात, तिला सुमारें पन्नासपट करतो. त्याच्या तोंडाशीं एका गंजलेल्या पिनेनें व्होल्टच्या हजाराव्या भागाइतका धक्का दिला, तर तो पहिल्या पायरीवर पन्नास हजारांश होतो आणि दुसऱ्या पायरीवर, मध्यें कांहीं कळ दाबली नसेल तर, अडीच व्होल्टांच्या घरांत जातो. म्हणून दोष जितका उगमाजवळ, तितका त्याचा गवगवा मोठा. पहिल्या व्हॉल्व्हवर व त्याच्या सॉकेटवर प्रथम संशय घ्यावयाचा तो याचमुळें.

परंतु व्हॉल्व्हच्याहि आधीं ॲम्प्लिफायरच्या बाहेर पाहावें. यांत धोका नाहीं, खर्च नाहीं, आणि अर्धी प्रकरणें येथेंच मिटतात. गिटारची वायर बदलून पाहावी. तिच्या टोकाशीं तुटलेली एक बारीक तार सबंध यंत्राला बदनाम करूं शकते. दुसरी गिटार लावून पाहावी. मग गिटार हातांत धरून स्वतःभोंवतीं सावकाश फिरावें. दिशा बदलतांच गुणगुण कमी-जास्त झाली, तर ती बाहेरून येत आहे असें समजावें: पंख्याचा रेग्युलेटर, एलईडी दिव्याचा स्वस्त चोक, मोबाइलचा चार्जर, शेजारच्या भिंतीमागची लिफ्टची मोटर. आजच्या उंच इमारतींत या मंडळींची काय कमतरता? एकेक दिवा बंद करीत जावें. मोबाइल तर जवळ ठेवूंच नये. पुष्कळ वेळां ठराविक तालावर येणारी टर्र-टर्र त्याचीच असते. शेवटीं स्पीकरची वायर पाहावी. ती मात्र यंत्र बंद करूनच. चालू असतां स्पीकर सुटला तर व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळूं शकतो, आणि दुरुस्तीच्या खर्चांत त्यासारखा महाग भाग दुसरा नाहीं.

एवढें करूनहि खरखर राहिली, तर कान देऊन तिची जात ओळखावी. येथें घाई करूं नये. एकसारखी गुणगुण निराळी आणि मधूनच येणारी खरखर निराळी. आपल्या विजेची आवर्तनें सेकंदाला ५० असतात. खोल, ५० आवर्तनांची घरघर ऐकूं आली तर अर्थिंगकडे व व्हॉल्व्हच्या तापणाऱ्या तारांकडे पाहावें. तिच्याहून एक सप्तक वरची, १०० आवर्तनांची, किंचित् कर्कश गुणगुण असली तर सुकत आलेल्या फिल्टर कंडेन्सरांकडे. कढईंत कांहीं तळावें तशी चरचर कोणत्याहि कळीला हात न लावतां येत-जात असेल, तर बहुधा एखादा जुना कार्बनचा रेझिस्टन्स आंतून खचला आहे. कळ फिरवितांनाच खर्र होत असेल तर ती कळच मळलेली. व्हॉल्व्हला पेन्सिलीनें हळूच टिचकी मारतांच स्पीकरमधून घंटेसारखा नाद आला, तर त्या व्हॉल्व्हचे आंतले भाग सैल झाले आहेत. तो पहिल्या जागीं नकोच. थोडा नाद सर्वच व्हॉल्व्ह देतात, तेवढ्यावरून त्यांना काढून टाकूं नये. आणि 'फट्' असा जोराचा आवाज होऊन आंत ठिणगी दिसली, तर पुढचे प्रयोग थांबवून प्लग काढावा.

यानंतर विभागणी. ॲम्प्लिफायर म्हणजे एकापुढें एक अशा खोल्यांचें घर आहे. चोर कोणत्या खोलींत आहे हें दारें लावीत गेल्यानें कळतें. पहिलें दार म्हणजे आवाजाची कळ. ती शून्यावर आणली आणि खरखर थांबली, तर दोष कळीच्या अलीकडे. चालूच राहिली तर पलीकडे. ही एकच खूण अर्धें घर मोकळें करते. मग यंत्र बंद करून, निवूं देऊन, गिटारच्या बाजूचा पहिला लहान व्हॉल्व्ह काढावा आणि पुन्हां चालू करावें. खरखर नाहीशी झाली तर ती त्या व्हॉल्व्हपाशीं किंवा त्याच्या आधीं. राहिली तर दुसरा काढावा, मग तिसरा. सर्व लहान व्हॉल्व्ह काढूनहि आवाज येत असेल, तर शेवटचे मोठे व्हॉल्व्ह, त्यांचीं सॉकेटें आणि वीज पुरविणारा भाग एवढेच उरले. ते जाणत्याकडे सोपवावे. प्रत्येक पायरीला खरखर येण्याची वाट पाहावी लागते, हें खरें. पण ज्याला वाट पाहवत नाहीं त्यानें या वाटेला न जावें हें बरें.

येथें एक सूचना आजोबांचा रेडिओ दुरुस्त करूं पाहणाऱ्यांसाठीं. जुन्या एसी-डीसी रेडिओंत सर्व व्हॉल्व्हच्या तापणाऱ्या तारा माळेसारख्या एकीमागें एक जोडलेल्या असतात. एक काढला कीं सगळेच विझतात, तेव्हां ही विभागणी तेथें चालत नाहीं. शिवाय अशा रेडिओच्या लोखंडी सांगाड्यांत घरच्या विजेचा सरळ प्रवाह असूं शकतो. त्याचें मागचें झांकण घरच्या घरीं उघडूंच नये.

आतां आंत हात घालण्याविषयीं. गिटारच्या ॲम्प्लिफायरांत ३०० ते ४५० व्होल्टांचा दाब असतो, आणि प्लग काढला म्हणजे तो नाहींसा होतो अशी समजूत असेल तर ती घातक आहे. फिल्टरचा ५० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर ४५० व्होल्टांवर भरला असतां त्यांत पांच ज्यूल ऊर्जा सांठते. आंकडा लहान, पण एका हातांतून शिरून छातीवाटे दुसऱ्या हातांतून ती क्षणांत गेली तर प्राणाशीं गांठ आहे. ज्याला मीटर वापरतां येत नाहीं त्यानें येथेंच थांबावें; यापुढचें त्यानें केवळ ऐकावें. जाणत्यानें प्लग काढून, दहा हजार ओहमांचा व पांच वॉटचा रेझिस्टन्स, दोन्ही टोकांना रबरी आवरणाच्या चिमट्या लावून, कंडेन्सरचें धन टोक व सांगाडा यांमध्यें दहा-पंधरा सेकंद धरावा, आणि मग मीटर लावून व्होल्ट खरोखरच उतरले कीं नाहीं हें पाहावें. प्रत्येक कंडेन्सरला हेंच. पेचकसानें टोकें जोडून ठिणगी पाडण्याची मिस्त्रीलोकांची रीत मला पसंत नाहीं. तिनें कंडेन्सरहि दुखावतो आणि माणूसहि दचकतो.

उत्तनकडे कॅथलिक समाजाच्या लग्नांत वाद्यवृंदाला मोठा मान आहे. तिकडच्या एका तरुण वादकाचा ॲम्प्लिफायर गेल्या पावसाळ्यांत माझ्याकडे आला. दोष असा, कीं अर्धा तास वाजविल्यावर तडतड सुरू होई, ती कधीं पांच मिनिटें टिके, कधीं सबंध संध्याकाळ. त्यापूर्वीं एका दुरुस्तीच्या दुकानांत त्याचे सर्व व्हॉल्व्ह बदलून झाले होते, दोन वेळां. दोन्ही वेळां दुकानांत तो सुरेल वाजला आणि मांडवांत तडतडला. लग्नसराई तोंडावर आलेली, दुसऱ्याचें यंत्र भाड्यानें आणावें तर रात्रीच्या मिळकतींतला मोठा वाटा त्यांतच जाणार, आणि ऐन वेळीं फजिती झाली तर पुढचें आमंत्रण गेलें. त्याला यंत्राची नव्हे, पोटाची काळजी होती.

दुकानांत तो कां तडतडत नसे? कारण दुकानांत त्याचा सांगाडा लांकडी पेटींतून बाहेर काढून मेजावर उघडा ठेवीत. उघड्यावर तो तापतच नसे. म्हणून मीं तो उघडा ठेवून वर एक पुठ्ठ्याचें खोकें पालथें घातलें आणि राखण करीत बसलों. पंचवीस मिनिटांनीं तडतड हजर! मधूनच येणाऱ्या दोषाला आपल्या बोलावण्यावर यावयास लावणें, यांतच निम्मी दुरुस्ती झाली. आवाजाची कळ शून्यावर नेली तरी तडतड चालूच. म्हणजे दोष कळीच्या पलीकडे. दुसरा व्हॉल्व्ह काढला, शांतता. त्याच्या जागीं दुसरा, खात्रीचा व्हॉल्व्ह बसविला, पुन्हां तडतड. तेव्हां व्हॉल्व्ह निर्दोष; त्याच्या भोंवतालचें कांहीं तरी अपराधी. आतां सांगाडा उलटा करून, एक हात खिशांत घालून, दुसऱ्या हातांत वीतभर लांब कोरडी बांबूची काडी घेतली आणि एकेक जोड हलकेच दाबीत गेलों. ॲनोडला वीज नेणाऱ्या एक लाख ओहमांच्या रेझिस्टन्सच्या टोकाला काडी लागतांच स्पीकर कडाडला.

पाहणारास वाटावें, झाळ सुटली आहे. कथील वितळवून ती नव्यानें भरली आणि तडतड थांबली. तो तरुण यंत्र उचलून न्यावयास निघाला. मीं तें ठेवून घेतलें. झाळतांना जी उष्णता लागते तिनें रेझिस्टन्सच्या पोटांतला ओलावाहि उडून जातो, आणि रोगी दिवसभर बरा दिसतो. दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं पाऊस लागला असतां खोकें पुन्हां पालथें घातलें, आणि तडतड परत आली. रेझिस्टन्सच्या आंतच, तार जेथें कार्बनला भिडते तेथें चीर होती. तो काढून धातूच्या पातळ थराचा नवा रेझिस्टन्स घातला. त्याची किंमत एका कपभर चहाहूनहि कमी. बदललेल्या दोन व्हॉल्व्हसंचांची किंमत मात्र त्या तरुणाला विचारण्याचा मला धीर झाला नाहीं.

असे दोष शोधतांना दोन-तीन ठिकाणीं विशेष फसगत होते. कळीची खरखर फवाऱ्यानें धुतली, चार दिवसांत परत आली, पुन्हां धुतली, असें करीत बसणारे पुष्कळ आहेत. कळ साफ करूनहि खर्र होत असेल तर तिच्या आधींचा कपलिंग कंडेन्सर मीटरनें तपासावा. तो झिरपूं लागला कीं ॲनोडचा दाब थोडा थोडा कळीवर उतरतो, आणि निर्मळ कळदेखील खरखरते. फवारा दोष धुतो, कारण धूत नाहीं. दुसरें, व्हॉल्व्हचीं सॉकेटें. पिना पुसण्याचें पुष्कळांना सुचतें. पण सॉकेटच्या ज्या पात्या पिनांना धरून ठेवतात त्या सैल झाल्या असतील, तर पुसून काय उपयोग? विजेचें सर्व शमन करून, बारीक सुईनें त्या किंचित् आंत दाबाव्या. तिसरें, कांहीं जुन्या अमेरिकन ॲम्प्लिफायरांतील काळ्या फायबरची पाटी. मेण लावलेली ही पाटी ओल धरते, आणि मग तिच्या अंगांतूनच वीज झिरपते. तेथें प्रत्येक भाग निर्दोष असूनहि यंत्र चरचरतें. अशा पाटीवर मीटरचें एक टोक सांगाड्याला लावून दुसरें पाटीच्या रिकाम्या जागीं टेकवावें. जेथें शून्य व्होल्ट असावयास हवे तेथें कांटा हलूं लागला तर समजावें. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलनें पुसून, मंद गरम वाऱ्यानें संथपणें वाळवावी. केंस वाळविण्याचें यंत्र याला पुरतें. मात्र त्याची सर्वांत कमी उष्णता ठेवावी, नाहीं तर मेण वितळून भलतीकडे जाईल. अल्कोहोल पूर्ण उडून जाईपर्यंत प्लग लावूं नये.

आणि जो मुळीं बिघडलाच नाहीं त्याचें काय? खिडकीखालीं जमिनीवर ठेवूं नये. पावसाळ्यांत आठवड्यांतून एकदां तरी तासभर वाजवावा. व्हॉल्व्हची ऊबच त्याला कोरडा ठेवते. प्लास्टिकच्या पिशवींत गुंडाळून ठेवणारे आंतली ओल आंतच कोंडतात. त्यापेक्षां जाड सुती खोळ व पेटींत सिलिका जेलची पुडी बरी. पुडी महिन्या-दोन महिन्यांनीं तापवून कोरडी करावी लागते, हें विसरूं नये. नवे भाग मुंबईस लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आजच्या डॉक्टर दादासाहेब भडकमकर मार्गावर मिळतात. तेथें व्हॉल्व्ह घेतांना दुकानांतच टिचकी मारून पाहावयास मागावें. चांगला दुकानदार नाहीं म्हणत नाहीं.

दुरुस्ती झाल्यावर झांकण लावून, खोलीचा पंखा बंद करून, यंत्र दोन तास सलग चालवावें, आणि शक्य तर दोन निरनिराळ्या दिवशीं, एकदां कोरड्या हवेंत व एकदां दमट हवेंत. एक कागद घेऊन त्यावर दोष केव्हां आला, यंत्र किती वेळ चालू होतें, बाहेर पाऊस होता कीं ऊन, कोणती कळ कोठें होती, काय बदललें, हें तारखेसह लिहावें आणि तो पेटीच्या मागच्या फळीला आंतून चिकटवावा. उत्तनच्या त्या ॲम्प्लिफायरांत तो कागद आहे. त्यावर आजपर्यंत एकच नोंद आहे.